लेखन-स्पष्टता प्रकल्प : कामकाजाच्या नोंदी

८ जानेवारी

प्रकल्पाची व्याप्ती आज निश्चित झाली. विभागातून बाहेर जाणारी आणि विभागातच फिरणारी चार प्रकारची लिखापढी तपासायची आहे : ई-मेल, सूचनापत्रे, बैठकांची इतिवृत्ते आणि मासिक अहवाल. करार आणि निविदा यांचे मसुदे विधी विभागाच्या अखत्यारीत येतात, म्हणून त्यांना तूर्त हात लावायचा नाही.

मंजुरीच्या टिपणात उद्दिष्ट म्हणून ‘कार्यालयीन भाषा सोपी करणे’ असे लिहिलेले होते. ते बदलून ‘पत्र एकदा वाचल्यावर आपण काय करायचे आहे हे वाचणाऱ्याला कळावे’ असे मी करून घेतले. भाषा सोपी झाली की नाही, याचा निवाडा लिहिणारा स्वतःच करतो आणि बहुधा स्वतःच्या बाजूने करतो. वाचणाऱ्याला कळले की नाही, हे मात्र त्याला विचारून पाहता येते. सुबोध भाषेविषयीचे ‘आयएसओ २४४९५-१’ हे आंतरराष्ट्रीय मानक २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. तेही वाचणाऱ्याच्याच बाजूने विचार करते : त्याला हवी ती माहिती सापडली पाहिजे, सापडलेली समजली पाहिजे आणि समजलेली वापरता आली पाहिजे. त्यात सापडणे हे समजण्याच्या आधी येते. आमच्या अहवालांना हा क्रम चांगलाच झोंबणारा आहे.

१३ जानेवारी

नमुने गोळा करण्याचे काम संपले. प्रत्येक शाखेकडून एकच गोष्ट मागितली होती : ज्या मजकुरामुळे नंतर खुलासा मागणारा फोन आला किंवा काम उलटसुलट झाले, तो मजकूर जसाच्या तसा पाठवावा. चांगल्या लेखनाचे नमुने मुद्दाम मागितले नाहीत.

‘सदर’, ‘उपरोक्त’, ‘अन्वये’, ‘त्यानुषंगाने’ या जड शब्दांविषयीच्या तक्रारी सर्वांत जास्त असतील, असा आमच्या गटातील बहुतेकांचा अंदाज होता. प्रत्यक्षात हे शब्द वाचताना कंटाळा आणतात, पण त्यांच्यामुळे कोणाची दिशाभूल झाल्याचे एकही उदाहरण आलेल्या नमुन्यांत नाही. घोटाळे झाले ते ‘लवकरात लवकर’, ‘योग्य ती कार्यवाही’, ‘संबंधितांनी’, ‘आवश्यकतेनुसार’ आणि ‘शक्यतो’ या शब्दांमुळे, आणि यांतला एकही शब्द कोणाला अवघड जाणारा नाही. एका ई-मेलमध्ये ‘यादी आपण तपासून पाठवायची आहे’ एवढेच वाक्य होते. लिहिणाऱ्याने ‘आपण’ हे आदरार्थी वापरले होते, तर वाचणाऱ्याने ते ‘तुम्ही-आम्ही मिळून’ असे घेतले. त्यामुळे दोन्ही शाखा एकमेकींची वाट पाहत राहिल्या. यापुढे अशा वाक्यात शाखेचे किंवा पदाचे नाव लिहायचे, असे ठरले.

२१ जानेवारी

आज एकच सूचनापत्र हाती घेतले आणि बराच वेळ त्याच्यावरच गेला, पण तो सत्कारणी लागला असे वाटते. मूळ मजकूर असा होता :

‘सर्व संबंधितांना कळविण्यात येते की, प्रणालीच्या देखभालीचे काम हाती घेण्यात येणार असल्याने काही काळ सेवा खंडित राहण्याची शक्यता असून, त्यादृष्टीने आवश्यक ती काळजी घेऊन सर्वांनी सहकार्य करावे.’

व्याकरणदृष्ट्या यात बोट ठेवायला जागा नाही आणि शब्दही रोजचेच आहेत. तरीही हे वाचून कोणी काही करू शकत नाही. सुरुवातीला गटाने नेहमीच्या पद्धतीने ते सुधारून पाहिले. ‘कळविण्यात येते की’ काढले, कर्मणी प्रयोगाचा कर्तरी केला, एका वाक्याची दोन वाक्ये केली. मजकूर आखूड झाला, पण त्याची निरुपयोगिता तशीच राहिली. मग आम्ही वाक्य बाजूला ठेवले आणि हे पत्र हातात पडलेला कर्मचारी काय विचारेल, ते लिहून काढले. कोणती प्रणाली? कधीपासून कधीपर्यंत? त्या वेळी काम चालू असेल तर भरलेली माहिती राहील की जाईल? काळजी म्हणजे नेमके काय करायचे? अडचण आली तर कोणाला सांगायचे?

हे प्रश्न घेऊन तंत्रज्ञान शाखेकडे गेल्यावर असे आढळले की, पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे त्यांच्याकडे तयार होती, फक्त पत्रात आली नव्हती. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर त्यांच्यातील एकालाच ठाऊक होते. पाचव्या प्रश्नाचा तर कोणी विचारच केला नव्हता, कारण त्या रात्री मदतीला कोण थांबणार हे ठरलेले नव्हते. ते तिथेच ठरले. त्यानंतर मसुदा लिहायला काहीच वेळ लागला नाही :

‘हजेरी आणि देयके या दोन्ही प्रणाली शनिवार, १४ फेब्रुवारी रोजी रात्री १० वाजल्यापासून रविवारी पहाटे ४ वाजेपर्यंत बंद राहतील. बंद होताना जतन न केलेली माहिती परत मिळणार नाही. म्हणून शनिवारी रात्री साडेनऊपूर्वी काम जतन करून प्रणालीतून बाहेर पडावे. रविवारी पहाटे चारनंतरही प्रवेश मिळत नसल्यास तंत्रज्ञान शाखेच्या मदत क्रमांकावर कळवावे. तेथे सकाळी ८ वाजेपर्यंत कर्मचारी उपलब्ध असेल.’

नवा मजकूर जुन्यापेक्षा लांब आहे, हे मुद्दाम नोंदवून ठेवतो. ‘स्पष्ट म्हणजे थोडक्यात’ हे समीकरण प्रशिक्षणाच्या साहित्यात वारंवार येते आणि इथे ते लागू पडत नाही. जुन्या पत्रातला धूसरपणा भाषेत नव्हता. रात्री कोण थांबणार, माहितीचे काय होणार या न सुटलेल्या गोष्टींवर ‘आवश्यक ती काळजी’ हे शब्द पांघरलेले होते. उरलेले नमुनेही याच नजरेने पुन्हा चाळायचे आहेत : वाक्य कुठे अडखळते ते पाहायचे आणि तिथे कोणता निर्णय राहून गेला आहे, हे संबंधित शाखेला विचारायचे.

२९ जानेवारी

सुधारणा मोजायची कशी, यावर चर्चा झाली. एका सहकाऱ्याने सुचवले की, इंग्रजी मजकुरासाठी संगणकावर मिळतो तसा वाचनीयतेचा गुणांक वापरावा. इंग्रजीतील सर्वांत परिचित सूत्र रुडॉल्फ फ्लेश यांनी १९४८ मध्ये मांडले. ते वाक्यातील शब्दांची सरासरी आणि शब्दातील अक्षरावयवांची (सिलेबलची) सरासरी या दोनच गोष्टींवर चालते. मराठीत विभक्तिप्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये शब्दालाच चिकटतात. ‘कार्यालयांमधूनसुद्धा’ हा एक शब्द इंग्रजीत तीन-चार शब्दांत विखुरला जातो, पण मराठी वाचकाला तो मुळीच जड वाटत नाही. साहजिकच ते सूत्र मराठीला जसेच्या तसे लावले, तर साधा मजकूरही अवघड ठरेल. शिवाय ‘योग्य ती कार्यवाही करावी’ यांसारखी आखूड पण निरुपयोगी वाक्ये वाक्याची लांबी मोजणाऱ्या सूत्रात चांगले गुण मिळवतील.

म्हणून गुणांकाचा नाद सोडला. त्याऐवजी मसुदा त्या विषयाशी संबंध नसलेल्या एका सहकाऱ्याला द्यायचा, एकदा वाचू द्यायचा, कागद परत घ्यायचा आणि तीन गोष्टी विचारायच्या : हे कोणासाठी आहे, त्याने काय करायचे आहे आणि कधीपर्यंत. ‘समजले का?’ हा प्रश्न विचारायचा नाही, कारण त्याला सगळे ‘हो’च म्हणतात.

५ फेब्रुवारी

आजचा विषय वाक्यरचना. अहवालातील हे वाक्य पाहा :

‘मागील तिमाहीत ग्राहक सेवा शाखेकडे प्राप्त झालेल्या तक्रारींच्या अनुषंगाने तयार करण्यात आलेल्या अहवालात नमूद केलेल्या शिफारशींच्या अंमलबजावणीसाठी नेमण्यात आलेल्या समितीची बैठक पुढे ढकलण्यात आली आहे.’

‘झालेल्या’, ‘आलेल्या’, ‘केलेल्या’ अशी धातुसाधित विशेषणे नामाच्या आधी कितीही रचत नेण्याची सोय मराठीत आहे आणि कार्यालयीन लेखकाला त्या सोयीचा मोह आवरत नाही. शिवाय क्रियापद शेवटी येते. परिणाम असा की, वाचणारा ‘बैठक’ या शब्दापाशी पोहोचेपर्यंत तक्रारी, अहवाल, शिफारशी आणि समिती एवढे सगळे सांभाळत येतो आणि त्यातले काय धरून ठेवायचे हे त्याला शेवटच्या चार शब्दांत कळते. तेच उलगडून असे झाले : ‘तक्रार निवारण समितीची बैठक पुढे ढकलली आहे, ती आता १९ फेब्रुवारीला होईल. मागील तिमाहीतील तक्रारींवरून केलेल्या शिफारशी अमलात आणण्यासाठी ही समिती नेमली आहे.’ ज्यांना समिती ठाऊक आहे त्यांनी दुसरे वाक्य वाचले नाही तरी चालते.

गटात यावरून ‘वाक्य पंधरा शब्दांपेक्षा मोठे नसावे’ असा नियम करण्याचा प्रस्ताव आला. मी तो मान्य केला नाही. ‘म्हणून’, ‘तर’, ‘पण’, ‘मात्र’ यांचा हात धरून घटनाक्रमाने पुढे जाणारे लांब वाक्य सहज वाचता येते, आणि नियमापायी तुकडे केले तर कारण एका वाक्यात व परिणाम दुसऱ्यात पडून त्यांचा संबंध वाचणाऱ्याला स्वतः जुळवावा लागतो. नियम करायचाच असेल तर शब्दांवर नको; एका नामाच्या आधी रचलेल्या विशेषणांवर मर्यादा घालावी. एका नामाआधी असे एक धातुसाधित चालेल, दुसरे आले की थांबून वाक्य फोडावे, असे तूर्त ठरले.

११ फेब्रुवारी

तारखांबाबत झटपट निर्णय झाले. महिना अक्षरांत लिहायचा, कारण ०५/०६ ही तारीख काही देशांत ५ जून तर काही देशांत ६ मे अशी वाचली जाते आणि आमचा पत्रव्यवहार दोन्हीकडे जातो. फाइलच्या नावात मात्र तारखा लिहिण्याच्या ‘आयएसओ ८६०१’ या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे वर्ष-महिना-दिवस असा क्रम ठेवायचा, म्हणजे यादी आपोआप कालक्रमाने लागते. ‘परवा’ हा शब्द लेखनात वापरायचा नाही. ‘पुढील शुक्रवार’ही नाही. ‘शुक्रवारपर्यंत’ असे लिहायचे असेल तर सोबत वेळही द्यायची.

१८ फेब्रुवारी

इतिवृत्तांचे काम अपेक्षेपेक्षा नाजूक निघाले. जुन्या इतिवृत्तांमध्ये ‘या विषयावर सविस्तर चर्चा झाली’ आणि ‘सर्वांनी सहमती दर्शविली’ ही वाक्ये जवळजवळ प्रत्येक पानावर आहेत. कशावर सहमती दर्शविली, हे पुष्कळ ठिकाणी लिहिलेले नाही. इतिवृत्त लिहिणाऱ्या कनिष्ठ सहकाऱ्यांना विचारले, तेव्हा एकीने स्वच्छ सांगितले : “सर, बैठकीत काही ठरलंच नव्हतं. मग मी काय लिहिणार?” याला उत्तर नाही. बैठकीत सूत्रसंचालन करणाऱ्याने जे सांगितले नाही, ते लिहिणाऱ्याने स्वतःच्या मनाने लिहिणे योग्य नव्हे.

त्यामुळे उपाय कागदावर न करता बैठकीतच करावा लागला. प्रत्येक विषय संपताना इतिवृत्त लिहिणारी व्यक्ती आपण लिहिलेले निर्णयाचे वाक्य मोठ्याने वाचून दाखवील : काय ठरले, कोण करणार, कधीपर्यंत. वाक्य पूर्ण होत नसेल तर विषय संपला असे मानायचे नाही, किंवा ‘निर्णय झाला नाही, पुढील बैठकीपूर्वी अमुक माहिती तमुक शाखेने आणावी’ असे सरळ लिहायचे. ‘निर्णय झाला नाही’ हे लिहायला सुरुवातीला संकोच वाटतो, असे सर्वांनीच सांगितले. विभागप्रमुख मॅडमनी पहिल्याच बैठकीत स्वतः तसे लिहून घ्यायला सांगितले आणि तो संकोच बराचसा कमी झाला.

२५ फेब्रुवारी

अपेक्षित आक्षेप आज आला. एका ज्येष्ठ सहकाऱ्यांचे म्हणणे असे की, “एवढं तोडून लिहिलं की हुकूम सोडल्यासारखं वाटतं. वरिष्ठांना असं कसं पाठवायचं?” आक्षेप वरवरचा नाही. आपल्याकडे कार्यालयीन पत्रातला आडवळणीपणा पुष्कळदा आदरापोटीच आलेला असतो, आणि तो नुसता खोडून टाकल्यास लिहिणाऱ्याची पंचाईत होते.

आम्ही त्यांचेच एक पत्र घेतले. ‘कृपया शक्य झाल्यास आपल्या सोयीनुसार लवकरात लवकर अभिप्राय कळविल्यास आभारी राहीन’ असे त्यात होते, आणि अभिप्राय गुरुवारी दुपारपर्यंत आला नाही तर छपाई चुकणार होती. हे लपवून ठेवण्यात वरिष्ठांचा कोणता मान राखला गेला? आदर दाखवायला क्रियापदाचे रूप पुरेसे आहे : ‘अभिप्राय गुरुवारी, २६ तारखेला दुपारी २ वाजेपर्यंत द्यावा, ही विनंती. त्यानंतर मजकूर छपाईसाठी जाईल आणि बदल करता येणार नाहीत.’ मुदत आणि तिचे कारण दोन्ही समोर असले, की ती व्यक्ती आपला वेळ स्वतःच्या विचाराने ठरवू शकते. त्या सहकाऱ्यांनी ‘आभारी राहीन’ कायम ठेवण्याचा आग्रह धरला. त्याने कोणाचे नुकसान होत नसल्याने ते ठेवले.

१० मार्च

मासिक अहवालाची नवी मांडणी लागू झाली. पहिल्या परिच्छेदात वाचणाऱ्याकडून काय हवे आहे ते येईल : मंजुरी, निवड, की केवळ माहिती. त्यानंतर शिफारस, मग कारणे आणि तक्ते परिशिष्टात. ही कल्पना नवी नाही. ९ ऑगस्ट १९४० रोजी, महायुद्ध ऐन भरात असताना, ब्रिटिश पंतप्रधान विन्स्टन चर्चिल यांनी सहकाऱ्यांना अहवाल संक्षिप्त लिहिण्याविषयी टिपण पाठवले होते. मुख्य मुद्दे छोट्या, नेटक्या परिच्छेदांत मांडा आणि गुंतागुंतीचे विश्लेषण किंवा आकडेवारी परिशिष्टात टाका, ही त्यातलीच सूचना आहे.

नव्या मांडणीला विरोध मात्र लेखकांकडूनच झाला, वाचकांकडून नव्हे. महिनाभर केलेले काम तिसऱ्या पानावर ढकलले जाते, अशी त्यांची भावना आहे आणि ती समजण्यासारखी आहे. अहवाल हा केलेल्या कष्टांचा पुरावाही असतो, हे आम्ही आधी लक्षात घ्यायला हवे असे काहींनी सुचवले. त्यावर तोडगा म्हणून कामाचा तपशील वेगळ्या पत्रकात, वार्षिक मूल्यमापनाला जोडता येईल असा ठेवला जाईल. दोन वेगळ्या वाचकांसाठीचे दोन कागद एकात शिवले गेल्यामुळे अहवाल फुगत होता.

२४ मार्च

विधी विभागासोबत बैठक झाली. करार आमच्या व्याप्तीत नसले, तरी कार्यपद्धतीच्या पुस्तिका त्यांच्या संमतीशिवाय बदलता येत नाहीत. ‘सोपे लिहिले की अर्थ सैल होतो’ ही त्यांची मुख्य शंका. चर्चेत ओकहर्स्ट डेअरी या दूध कंपनीवर तिच्या वाहनचालकांनी जादा कामाच्या मोबदल्यासाठी केलेल्या खटल्याचा उल्लेख त्यांच्याकडूनच झाला. अमेरिकेतील मेन राज्याच्या कायद्यात जादा कामाच्या मोबदल्यातून वगळलेल्या कामांची यादी आहे. त्या यादीच्या शेवटी ‘पाठवणीसाठी किंवा वितरणासाठी बांधणी’ हे एकच काम आहे की ‘पाठवणीसाठी बांधणी’ आणि ‘वितरण’ ही दोन, हे एका स्वल्पविरामाअभावी संदिग्ध राहिले होते. २०१७ मध्ये अपील न्यायालयाने कौल चालकांच्या बाजूने दिला आणि पुढच्या वर्षी ५० लाख डॉलरवर तडजोड झाली.

हा खटला आमच्याच बाजूचा पुरावा आहे, असे माझे म्हणणे होते आणि आहे. ते वाक्य सोपे करायला गेल्यामुळे सैल झाले नव्हते. कायद्याच्या रूढ शैलीतल्या लांब यादीत ते गुंतले होते. प्रत्येक काम वेगळ्या ओळीवर क्रमांकासह दिले असते, तर स्वल्पविरामावर भार पडलाच नसता. अमेरिकेच्या भांडवली बाजार नियामकाने १९९८ मध्ये गुंतवणूकदारांसाठीच्या माहितीपत्रकांचे मुखपृष्ठ, सारांश आणि जोखमीचे घटक सुबोध इंग्रजीत लिहिणे बंधनकारक केले. तेव्हा कायदेशीर जबाबदारी आणि सुबोधता एकत्र नांदू शकतात, एवढे मान्य व्हायला हरकत नसावी. विधी विभागाने सरसकट संमती दिली नाही; एका पुस्तिकेवर प्रयोग करण्यास मात्र होकार दिला.

७ एप्रिल

प्रयोगासाठी सुरक्षा कार्यपद्धतीची पुस्तिका निवडली आहे आणि पहिल्याच वाचनात काम ‘-वा, -वी, -वे’ या प्रत्ययापाशी अडले. ‘झाकण उघडण्यापूर्वी विद्युतपुरवठा बंद करावा’, ‘तापमानाची नोंद रोज करावी’, ‘तपासणी शक्यतो सकाळी करावी’ ही तिन्ही वाक्ये एकाच घाटाची आहेत. पहिले न पाळल्यास जीव जाऊ शकतो, दुसरे न पाळल्यास लेखापरीक्षणात शेरा येतो आणि तिसरे न पाळल्यास काहीच होत नाही. नवा कर्मचारी हा फरक वाक्यावरून ओळखू शकत नाही.

इंटरनेटच्या तांत्रिक मानकांनी हाच पेच मार्च १९९७ मधील ‘आरएफसी २११९’ या दस्तऐवजात सोडवला. बंधनकारक, शिफारस केलेले आणि ऐच्छिक यांसाठीचे इंग्रजी शब्द त्यात निश्चित केले आहेत, आणि शिफारस केलेली गोष्ट टाळायची असेल तर परिणामांचा पूर्ण विचार करूनच टाळावी, असेही त्यात स्पष्ट केले आहे. त्याच धर्तीवर आम्ही तीन रूपे ठरवली. बंधनकारक असेल तिथे ‘केलेच पाहिजे’ (आणि नकारार्थी असेल तर ‘करू नये’ऐवजी ‘करण्यास मनाई आहे’). अपेक्षित असेल तिथे ‘करावे’, आणि सवलत कोण देऊ शकतो ते त्याच कलमात. ऐच्छिक असेल तिथे ‘करता येईल’. या तिन्ही रूपांचा अर्थ पुस्तिकेच्या पहिल्या पानावर छापला जाईल.

आता प्रत्येक ‘करावे’ची वर्गवारी चालू आहे. ती लेखन गटाने करायची नाही, असे आम्ही पहिल्या दिवशीच ठरवले. कोणते बंधन आहे आणि कोणती सूचना, हे सांगण्याचा अधिकार सुरक्षा अधिकारी आणि विधी विभाग यांचा आहे. बहुतेक कलमांची उत्तरे लगेच आली. काही कलमांवर मात्र दोघांचे एकमत नाही, आणि ‘आवश्यकतेनुसार हातमोजे वापरावेत’ या कलमातली आवश्यकता कोणी ठरवायची, हे अद्याप कोणीच सांगितलेले नाही. ही कलमे वेगळ्या यादीत काढून दोन्ही विभागांना २१ एप्रिलला सायंकाळी ५ वाजेपर्यंतची मुदत दिली आहे. तोपर्यंत सुधारित पुस्तिका छपाईला जाणार नाही आणि सध्याचीच आवृत्ती लागू राहील, असे सूचनापत्र आज सर्व शाखांना पाठवले.